रोजचं कवाड, सणाचं कवाड

घर बांधायला काढलेल्या कुणाचाही मोबाइल उघडा, डबल डोअरच्या फोटोंची रांग लागलेली असते. मोर, कमळं, सूर्यकिरणं, सीएनसी मशीनवर कोरलेला गणपती, पितळी चकत्या, मध्येच काचेची उभी पट्टी. या सगळ्या फोटोंत दार बंद असतं. घरातल्या माणसांचा दाराशी खरा संबंध येतो तो मात्र ते उघडताना. म्हणून मुख्य दार निवडणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारते: यातलं रोज उघडणार ते कवाड किती रुंद आहे?

दुसरं कवाड तसं क्वचितच उघडतं. गौरी घरात येतात तेव्हा, नवी सून माप ओलांडते तेव्हा, कपाट किंवा मोठा फ्रीज आत घेताना. एरवी ते वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये अडकून उभं असतं आणि सगळं घर वर्षभर एकाच कवाडातून ये-जा करतं. आता हिशेब करू. हौसेनं चार फुटांचा गाळा ठेवला, म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. चौकटीचे दोन्ही बाजूंचे मिळून पाच इंच गेले. उरलेल्या त्रेचाळीस इंचांची दोन सारखी कवाडं केली की एक साडेएकवीस इंचांचं. ते काटकोनात उघडल्यावर त्याची दीड इंच जाडी वाटेतच येते. हातात राहिली वीस इंचांची फट. खांद्यावर सिलिंडर घेतलेला माणूस त्यातून तिरका होऊन जातो. साधी व्हीलचेअर पंचवीस-सव्वीस इंचांची असते. ती जातच नाही. लाखभर रुपये खर्चून आपण बाथरूमच्या दारापेक्षाही अरुंद वाट तयार केलेली असते.

साताऱ्याला माझी मावसबहीण घर बांधते आहे. तिला मी सांगितलं, कवाडं सारखी करू नकोस. गाळा पाच फुटांचा घे. चौकट वजा जाता पंचावन्न इंच राहतात. त्यातलं एक कवाड सदतीस इंचांचं, दुसरं अठरा इंचांचं. मोठं कवाड उघडलं की साडेपस्तीस इंच, म्हणजे नऊशे मिलिमीटर मोकळी वाट मिळते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दाराची मोकळी रुंदी किमान एवढीच सांगितली आहे. ती तत्त्वं सार्वजनिक इमारतींसाठी असली, तरी म्हातारपण घरातच येतं. सणावाराला लहान कवाडही उघडा, की सगळा गाळा मोकळा.

‘अगं पण ते लंगडं दिसेल,’ ही तिची पहिली प्रतिक्रिया. ‘वाड्याच्या दाराला कसा रुबाब असतो!’

वाड्याचा दाखला तिनं दिला हे बरंच झालं. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवा. वाड्याचा पाया १७३० मध्ये घातला, वास्तुशांत १७३२ मध्ये झाली. १८२८ च्या आगीत आतलं सारं जळून गेलं, पण हा दरवाजा आणि तटबंदी आजही उभी आहे. दरवाजाच्या भल्या थोरल्या कवाडांवर हत्तीनं धडक मारू नये म्हणून अणकुचीदार खिळे आहेत. आणि त्यातल्याच एका कवाडात माणूस जाईल एवढा दिंडी दरवाजा आहे. मोठी कवाडं हत्ती-घोडे, पालख्या, मिरवणुका यांच्यासाठी. रोजच्या माणसासाठी दिंडी. गावोगावच्या पाटलांच्या, देशमुखांच्या वाड्यांनाही हीच रीत. रोजची वाट वेगळी आणि प्रसंगाची वेगळी, हे त्या सुतारांनी पक्कं ओळखलेलं होतं. दिंडीतून वाकून आत जाणं ही तेव्हा संरक्षणाची गरज होती, आज ती राहिली नाही. म्हणून दिंडीची जागा सदतीस इंची कवाडानं घेतली तर वाड्याशी आपण प्रामाणिकच राहतो. रुबाब फक्त सारखेपणातून येत नाही.

मात्र कवाडं लहानमोठी घ्यायची तर नक्षीही तशीच हवी. दोन्ही कवाडांवर मिळून एकच मोर किंवा एकच गणपती कोरला, तर रोज दार उघडताना तो मधोमध दुभंगणार. देवाची प्रतिमा अशी चिरलेली मला तरी बघवत नाही. गणपतीची जागा आपल्याकडे चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीवर, गणेशपट्टीवर आहे. तो तिथेच शोभतो आणि दार कितीही उघडलं तरी अखंड राहतो. कवाडांवर उभ्या रेघा किंवा चौकोनी पॅनेल घ्या. मोठ्या कवाडावर तीन उभे पट्टे, लहानावर एक, असं केलं की डोळ्याला दोन्ही एकाच कुळातली वाटतात. उजेड हवा असेल तर लहान कवाडात उभी जाळी किंवा जाड टफन्ड काच घालता येते. ती कडीपासून हात पोहोचणार नाही एवढी दूर असावी.

चोरबाजारातून किंवा पाडलेल्या वाड्यातून जुनं कोरीव दार आणून बसवायची हौस अनेकांना असते. मलाही ती दारं फार आवडतात. पुण्याच्या केळकर संग्रहालयात मी अशा दारांसमोर कितीतरी वेळ उभी राहिले आहे. पण ती मुळातच बुटकी असतात आणि त्यांची कवाडं अरुंद. तसं दार मिळालं तर ते देवघराला लावा, अंगणातल्या भिंतीत लावा, दिवाणखान्यात भिंतीशी उभं करा. मुख्य दाराचं ओझं त्याच्यावर टाकू नका.

लाकडाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण फसवणूक इथे होते. सागवान म्हटलं की आपण निर्धास्त होतो. विदर्भातलं, चंद्रपूर-बल्लारशाकडचं सागवान तसं नावाजलेलंच. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये तिथूनच लाकूड गेलं. पण सागाच्या एकाच ओंडक्यात दोन तऱ्हेचं लाकूड असतं. गाभ्याचं तपकिरी लाकूड वाळवीला दाद देत नाही. सालीकडचं फिकट पांढुरकं लाकूड वाळवी खाते. पॉलिश चढलं की दोन्ही सारखी दिसतात, म्हणून पॉलिशआधी सुताराच्या कारखान्यात जाऊन कवाडं उलटसुलट बघून यावं. दुसरी गोष्ट वाळवणीची. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत फुगतं आणि आकसतं. नीट न वाळवलेल्या लाकडाचं दार मे महिन्यात छान लागतं आणि जुलैत मधल्या सांध्यावर अडून बसतं. दोन कवाडांचा गाळा रुंद, त्यामुळे हा त्रासही जास्त. मग सुतार येऊन कड रंधून जातो आणि दिवाळीनंतर त्याच जागी बोटभर फट पडते. म्हणून एकसंध रुंद फळ्यांपेक्षा चौकटीत सैल बसवलेल्या पॅनेलचं दार बरं. पॅनेल आपल्या खाचेत फुगतं-आकसतं आणि दाराचं माप बिघडत नाही. दार पश्चिमेला तोंड करून असेल, तर वर दोन-तीन फुटांचा छज्जा हवाच. मेलामाईन पॉलिश घरातल्या फर्निचरला ठीक. उन्हापावसातल्या दाराला बाहेरच्या वापराचं पीयू तरी लावावं किंवा दरवर्षी जवसाचं तेल तरी पाजावं.

आता वजन. सदतीस इंच रुंद, सात फूट उंच, दीड इंच जाड सागवानी कवाड भरीव असेल तर पन्नास किलोच्या आसपास भरतं. त्याला तीन साध्या बिजागऱ्या लावल्या, तर वर्षभरात ते खाली झुकून फरशीला घासू लागतं. चार भक्कम बिजागऱ्या घ्या, पाच इंची. समुद्रकाठच्या घरात त्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या. खारा वारा ३०४ लाही डाग पाडतो.

दोन कवाडांच्या दाराची खरी नाडी मात्र त्या मिटलेल्या, लहान कवाडाच्या बोल्टमध्ये असते. कुलूप कितीही महाग घ्या, अगदी बोटाच्या ठशानं उघडणारं, त्याची जीभ शेवटी शिरते त्या लहान कवाडाच्या कडेत. ते डुगडुगलं की कुलूप अडतं, आणि बाहेरून जोर दिला तर दोन्ही कवाडं एकदम सुटतात. वाड्यांना यासाठी अडसर होता: भिंतीच्या जाडीत सरकवून ठेवलेला लाकडी दांडा ओढून दोन्ही कवाडांमागून पलीकडच्या भिंतीतल्या भोकात घालायचा. सगळा जोर भिंतीवर. शेतावरच्या एकट्या घराला आजही मी अडसरच सुचवीन. गावातल्या घराला वर-खाली दहा-बारा इंची बोल्ट चालतील, पण खालचा बोल्ट फरशीतल्या ज्या भोकात उतरतो त्यात धातूची वाटी बसवलेली हवी आणि ती अधूनमधून साफ करायला हवी.

हे मी पोटतिडकीनं सांगते, त्याला कारण आहे. आमच्या शेजारच्या काकांना ऐन पावसाळ्यात, रात्री छातीत दुखू लागलं. रुग्णवाहिकेची मुलं स्ट्रेचर घेऊन आली. घराला सुंदर, सारख्या कवाडांचं दार. एका कवाडातून स्ट्रेचर जाईना, आणि दुसऱ्याचा खालचा बोल्ट मातीनं आणि पॉलिशनं असा धरून बसला होता की हातोडीनंही हलेना. शेवटी काकांना चादरीत घालून, चौघांनी उचलून बाहेर काढलं. ते बरे होऊन घरी आले. त्या आठवड्यात काकूंनी पहिल्यांदा सुताराला बोलावलं.

शैली, रंग, नक्षी हे सगळं दार तयार होईपर्यंत बदलता येतं. गाळ्याची रुंदी मात्र विटांचं काम चालू असताना ठरते, कारण चौकट तेव्हाच उभी राहते आणि तिची हळदकुंकू वाहून पूजाही तेव्हाच होते. नंतर ती वाढवायची तर भिंत फोडावी लागते. म्हणून नकाशा हातात आला की वास्तुविशारदाला गाळ्याचं नाही, मोठं कवाड काटकोनात उघडल्यावर उरणाऱ्या मोकळ्या वाटेचं माप विचारावं, आणि ते नकाशावर लिहून घ्यावं. त्याच बैठकीत दार आत उघडल्यावर स्विचबोर्ड त्याच्यामागे जाणार नाही ना, चपलांचं कपाट वाटेत येणार नाही ना, हेही बघून घ्यावं.

मावसबहिणीची चौकट गेल्या आठवड्यात बसली, पाच फुटांची. कवाडांवर उभ्या रेघा घ्यायच्या की चौकोनी पॅनेल, यावर तिच्या घरात अजून एकमत नाही. स्लॅब पडून गिलावा होईपर्यंत त्यांना विचार करायला पुष्कळ वेळ आहे.