आधी टायर, लिफ्टचं नंतर बघू

गेल्या महिन्यात आमच्या डेन्व्हरच्या मराठी ग्रुपमधल्या एका मित्राने पिकअप ट्रक घेतला. टोयोटा टकोमा, चार दारांची, फोर बाय फोर. नारळ फुटला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं आणि त्याच रात्री त्याचा फोन आला, "अरे, लिफ्ट किती इंचाची टाकू? तीन की चार?"

"जाणार कुठे आहेस?" मी विचारलं.

"रोज ऑफिस. आणि उन्हाळ्यात एकदा यूरे-सिल्व्हर्टनकडे."

इंचांपासून सुरुवात करणं हीच मुळात चूक आहे, असं माझं मत आहे. ते मी पैसे मोजून कमावलंय, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. आपल्यातले बरेच जण इकडे आल्यावर कधी ना कधी पिकअपच्या मोहात पडतात.

लिफ्ट म्हणजे सस्पेन्शनमध्ये बदल करून चॅसी आणि बॉडी मूळ उंचीच्या वर उचलणं. माझ्या २०१९ च्या टकोमाला मी सगळ्यात स्वस्त प्रकारची लिफ्ट लावली. पुढच्या स्प्रिंगच्या वर धातूची जाड चकती आणि मागे कमानपाट्यांखाली ठोकळे. पुढचा भाग तीन इंच वर आला. सोबत २६५/७० आर १६ हे मूळ माप काढून २८५/७५ आर १६ चे जाडजूड टायर घातले. पार्किंगमध्ये गाडी अशी काही दिसायची की मी दोन-तीनदा मागे वळून बघायचो. खोटं कशाला बोला?

तो तोरा दोन महिने टिकला. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासायचा. वीसचं मायलेज सोळावर आलं. काटा ६० दाखवायचा तेव्हा गाडी खरं तर ६४ च्या पुढे असायची, कारण टायरचा घेर वाढला तरी स्पीडोमीटरचा हिशोब जुन्याच घेराचा होता. ब्रेकही आधीच दाबावा लागे. प्रत्येक चाक पंधरा-सोळा पौंडांनी जड झालं होतं. त्यात आई कराडहून आली. तिचे गुडघे दुखतात. तिला गाडीत चढता येईना, म्हणून देवघरातला पाट मी ट्रकमध्ये ठेवला. किराणा दुकानासमोर पाट मांडून आईला गाडीत चढवताना लोक बघायचे, आणि आई म्हणायची, "एवढी उंच गाडी कशाला घेतलीस रे? आपल्याला काय ऊस वाहायचाय?"

खरा धडा मात्र यूरेहून इंजिनिअर पासकडे चढताना मिळाला. हा पास जवळपास १२,८०० फुटांवर आहे आणि यूरेच्या बाजूचा खालचा टप्पा म्हणजे नुसते धोंडे. एका पायरीसारख्या खडकावर मागच्या डिफरन्शियलचा गोळा खाडकन आपटला. मी चक्रावलो. तीन इंच लिफ्ट असून खाली लागलंच कसं?

उत्तर अगदी साधं आहे, फक्त मी ते आधी शोधलं नव्हतं. मागचा अ‍ॅक्सल चाकांनाच जोडलेला असतो. सस्पेन्शन उचललं की बॉडी वर जाते, अ‍ॅक्सल जागेवरच राहतो. डिफरन्शियलखालची जागा वाढवायची तर मोठ्या टायरशिवाय मार्ग नाही, आणि तीही टायरची उंची जेवढी वाढली त्याच्या निम्मीच वाढते. माझे टायर दोन इंचांहून थोडे अधिक उंच होते, म्हणजे मिळकत जेमतेम सव्वा इंचाच्या आत! लिफ्टने पुढचा बंपर आणि मधलं पोट खडकापासून वाचतं, टायरला जागा मिळते. तो फायदा खोटा नाही, पण तेवढाच आहे. चकती लावल्याने शॉकची एकूण हालचालही वाढत नाही. उलट चाक खाली लटकलं की बॉल जॉइंट आणि पुढच्या अ‍ॅक्सलचे सांधे जास्त तिरके होतात आणि लवकर झिजतात.

तिथेच मागून एक म्हातारे गृहस्थ जुनी, काहीही न बदललेली फोर-रनर घेऊन आले. त्यांनी लिफ्टकडे पाहिलंही नाही, सरळ विचारलं, "टायरमध्ये हवा किती आहे?" चाळीस, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मला १८ पर्यंत उतरवायला लावली. टायर बसका झाला, खडकाला चिकटू लागला आणि मघाशी जागच्या जागी फिरणारी चाकं गाडीला अलगद वर घेऊन गेली. खाली आल्यावर छोट्या कॉम्प्रेसरने हवा परत भरायची, बस्स. आमच्याकडे पाटणच्या डोंगरात वडापच्या जिपा चिखलातून चढताना मी लहानपणापासून पाहिल्यात. त्यांना कुणी लिफ्ट लावली होती?

म्हणून मी मित्राला सांगितलं, आधी टायर बघ. त्यातही दिसण्यावर जाऊ नकोस. मड-टेरेन टायरचे मोठे ठोकळे चिखलात छान काम करतात, पण बर्फाळ डांबरावर घसरतात आणि हायवेवर घोंगावतात. तू वर्षातून दोन दिवस यूरेला जाणार. आय-७० वरून स्कीइंगला मात्र हिवाळाभर जाणार. त्या रस्त्यावर मॉरिसन ते डॉटसेरो या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे ट्रॅक्शन कायदा लागू असतो आणि टायरची नक्षी किमान ३/१६ इंच खोल लागते. तेव्हा ऑल-टेरेन घे, बाजूवर तीन शिखरं आणि हिमकणाची खूण असलेला. ई लोड रेंजचा दहा प्लायचा टायर जड ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी ठीक. रिकाम्या टकोमाला तो दगडासारखा लागतो. २६५/७५ आर १६ हे माप लिफ्टशिवाय बसतं. मी आता तेच वापरतो. आणि स्टेपनीसकट पाच टायर घे. चार मोठे आणि पाचवा जुन्या मापाचा, असा प्रकार फोर-व्हीलमध्ये महागात पडतो.

मी लिफ्ट काढली ती मात्र मायलेजसाठी नाही. एका संध्याकाळी ड्राइव्ह-वेमध्ये गाडी पुढे घेणार, एवढ्यात बायको ओरडली. आमची चार वर्षांची मुलगी बॉनेटसमोर खडूने रांगोळी काढत बसली होती आणि मला तिचा केससुद्धा दिसत नव्हता. अमेरिकेतल्या आयआयएचएस या वाहनसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीची धडक ३० इंच किंवा कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा पादचाऱ्यासाठी प्राणघातक ठरण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के जास्त आढळली. पिकअप मुळातच उंच. तिला हौसेखातर आणखी तीन इंच उंच करायचं आणि तीच गाडी शाळेच्या रांगेत न्यायची, हे मला आता पटत नाही. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि गुरुत्वमध्य वर सरकल्याने गाडी उलटण्याचा धोका वाढतो, ते वेगळंच.

लिफ्ट कुणालाच नको असं नाही. ज्याच्या गाडीवर स्टीलचा बंपर, विंच, मागे तंबूचं वजन आहे आणि जो महिन्यातून दोनदा खडकांत जातो, त्याने खुशाल लावावी. पण दोन इंचांच्या आसपास, वजनाला जुळणाऱ्या स्प्रिंग आणि शॉकसकट, लागले तर वरचे कंट्रोल आर्म बदलून, आणि नंतर अलाइनमेंट करून. विमा कंपनीलाही कळवावं. याचा खर्च चकतीच्या कित्येक पट येतो. तो आकडा ऐकला की निम्म्या लोकांची हौस तिथेच फिटते.

मित्राने सगळं शांतपणे ऐकलं. शनिवारी जाऊन पाच ऑल-टेरेन टायर घातले आणि मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "मस्त दिसतेय ना? पण पुढून दीड इंच तरी उचलू का?"

मी त्याला पाटाचा फोटो पाठवला.