शेंदऱ्या बोंडअळीचा पतंग व आपली फरदड

शत्रूचे नाव सर्वांस ठाऊक, परंतु त्याचे रूप फारच थोड्यांनी पाहिलेले, अशी आपल्या कपाशीची स्थिती झाली आहे. बोंड फोडून अळी आपण सर्वजण पाहतो. पण तिची जननी जो पतंग, तो रात्री हिंडणारा असल्यामुळे सहसा आपल्या दृष्टीस पडत नाही. अंगाने तो गव्हाच्या दाण्याहून किंचित मोठा, रंगाने करडा-तपकिरी, पुढील पंखांवर काळसर डाग व मागील पंखांच्या कडेस केसांची झालर, असा असतो. दिवसा तो ढेकळांच्या फटीत व पालापाचोळ्यात दडून राहतो.

मादी शंभराहून अधिक अंडी पाते, फूल व कोवळ्या बोंडावर घालते. चार-पाच दिवसांत अंड्यातून पांढुरकी अळी निघते. फुलात शिरली, तर पाकळ्या एकमेकींस गुंफून ती डोमकळी करते. बोंडात शिरली, तर तिच्यामागे छिद्र बुजून जाते व बोंड बाहेरून निरोगी दिसते. आत ती सरकी खाते व पुढे तिचे अंग शेंदरी होते. सुमारे दोन आठवड्यांनी ती कोष करते व त्यानंतर आठवडा-दीड आठवड्याने नवा पतंग निघतो. येणेप्रमाणे महिन्या-सव्वा महिन्यात एक पिढी पुरी होते.

परंतु खरी मेख पुढेच आहे. थंडी पडू लागली व पीक जुने झाले, म्हणजे पुष्कळ अळ्या कोष न करता, दोन सरक्या एकास एक जोडून त्यांत निजून राहतात. शेतातील किडकी बोंडे, पऱ्हाट्यांच्या गंजी व जिनातील सरकी ही त्यांची उन्हाळ्याची घरे होत. पावसाच्या सुमारास त्यांचे पतंग निघतात. त्या वेळी शेतात पाते नसेल, तर एक-दोन आठवड्यांच्या आयुष्यात ते वंश न वाढविताच मरतात. विहिरीच्या पाण्यावर मे महिन्यात लावलेली कपाशी मात्र त्यांस जगविते.

२००२ साली बीटी बियाण्यास आपल्या देशात परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळीची चिंता मिटली असे आपण समजलो. २०१० साली गुजरातेत ही अळी त्यातील पहिल्या जनुकास दाद देईनाशी झाल्याचे उघड झाले. २००६ साली आलेल्या दोन जनुकांच्या बियाण्यासही ती पुढे पचवू लागली. २०१७ च्या हंगामात आमच्या वऱ्हाडात काय अनर्थ झाला, तो वाचकांस सांगावयास नको.

त्या वर्षी मी महसूल खात्यात कारकून होतो व नुकसानीचे पंचनामे लिहीत होतो. एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले, “भाऊसाहेब, माझी किडकी बोंडे तुम्ही लिहून घेता, पण पतंग कोणाच्या शेतातून आला, हे कोणत्या रकान्यात लिहाल?” मजजवळ उत्तर नव्हते. कारण आदल्या सालची फरदड मी स्वतः माझ्या शेतात मार्चपर्यंत राखली होती, आणि ते शेत त्याच्या बांधास लागून होते. चार क्विंटल कवडी कापसाच्या लोभाने मी शेजाऱ्याच्या अंगणात निखारा ठेविला, असे मला आजही वाटते.

म्हणून माझे नम्र मत असे की, ह्या किडीचा बंदोबस्त एकेकट्याने होणे नाही. सातबाऱ्यावर प्रत्येकाचा गट निराळा. पतंगास मात्र सर्व शिवार एकच आहे. अमेरिकेने २०१८ साली आपल्या कापूस-प्रदेशातून ह्या अळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. तेथे बीटी कपाशी, कामगंध व नपुंसक केलेले पतंग सोडणे हे उपाय सर्व प्रदेशात एकजुटीने योजिले गेले.

फरदड हा गरिबाचा आधार आहे, असा आक्षेप येईल, व तो खोटा नाही. ज्यास दुसऱ्या पिकाचे बियाणे घेण्याची ऐपत नाही, त्यास नुसता उपदेश करणे अन्यायाचे होय. परंतु ज्यांच्यापाशी विहीर आहे, तेच फरदड अधिक राखतात; त्यांनी हरभरा अथवा गहू घ्यावा, आणि संस्थेने दुर्बळ सभासदास हरभऱ्याचे बियाणे उधारीवर द्यावे.

दिवाळीपूर्वी प्रत्येक गावी सभा भरवून पुढील ठराव करावा: डिसेंबरअखेर कपाशी मोडावी, शेतात शेळ्या-मेंढ्या चाराव्या, पऱ्हाट्या बांधावर रचू नयेत, पावसापूर्वी लागवड करू नये. हंगामात हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावे व लागोपाठ तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग सापडल्यास उपाय सुरू करावा. हे काम कोणा अधिकाऱ्याच्या हुकमाची वाट पाहण्याजोगे नाही. पहिली पऱ्हाटी मोठ्या खातेदाराने उपटावी. त्याचे पाहून बाकीचे उपटतील.