घोडा बदलावा, मुक्काम नव्हे

जुन्या कथेवर बेतलेला नवा चित्रपट प्रदर्शित झाला, की मराठी घरात हमखास दोन पक्ष पडतात. ज्येष्ठांचा पक्ष म्हणतो, ‘त्या जुन्याची सर याला नाही.’ तरुणांचा पक्ष म्हणतो, ‘तुमच्या त्या काळ्या-पांढऱ्या चित्रपटासमोर आता कोण बसणार?’ रविवारच्या जेवणानंतर सुरू झालेला हा वाद सोमवारी सकाळच्या बदलापूर लोकलमध्येही चालू असतो. मांजर्लीसारख्या वसाहतीत तर तो विशेष रंगतो. कारण येथे गिरगाव-परळच्या चाळींतून आलेले आजोबा आणि येथेच जन्मलेला नातू एकाच छपराखाली राहतात. एकाच्या डोळ्यांसमोर मोठा रजतपट आहे, दुसऱ्याच्या हातात मोबाइल. दोघेही मनापासून बोलतात. पण दोघांपैकी एकानेही दुसऱ्याचा चित्रपट पाहिलेला नसतो. न पाहिलेल्या गोष्टीविषयी इतक्या आवेशाने मत देण्याची सोय बहुधा राजकारणात आणि चित्रपटातच उपलब्ध असावी!

बदलापूर या नावाची एक व्युत्पत्ती जुनी माणसे आवर्जून सांगतात. लांबच्या वाटेवरचे स्वार येथे थांबत, थकलेला घोडा बदलत आणि ताज्या दमाने पुढे जात, म्हणून हे बदलापूर. २०१५ साली याच नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यात गावाच्या नावातील ‘बदला’ सूडाच्या अर्थाने वापरला गेला, आणि देशभरातील प्रेक्षकांना तोच अर्थ ठाऊक झाला. इतिहासकारांनी ही व्युत्पत्ती तपासावी. पण तिच्यातील शहाणपण आपल्या विषयाला अगदी चपखल लागू पडते. घोडा बदलला म्हणून प्रवास बदलत नाही. स्वार तोच असतो, निरोप तोच असतो, मुक्कामही ठरलेला असतो. जुनी कथा नव्या चित्रपटात आणणाऱ्याचे काम याहून वेगळे नाही. म्हणून ‘जुना चांगला की नवा?’ हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे. निरोप पोहोचला का, हे विचारले पाहिजे.

एकच कथा पुन्हा सांगणे हे कल्पनादारिद्र्याचे लक्षण आहे, असा एक सूर अलीकडे ऐकू येतो. वास्तविक आपल्या चित्रपटाचा जन्मच पुनर्कथनातून झाला. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली पहिला चित्रपट काढला तो ‘राजा हरिश्चंद्र’. १९३२ साली मराठीचा पहिला बोलपट आला तो प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. म्हणजे पुन्हा हरिश्चंद्राचीच कथा. प्रेक्षकाला शेवट ठाऊक होता, तरी तो आला. ज्या समाजात रामकथा दर वर्षी नव्याने ऐकली जाते आणि कीर्तनकार तेच आख्यान शंभराव्यांदा लावतो, तेथे ‘गोष्ट माहीत आहे’ ही तक्रार होऊच शकत नाही. कीर्तनात आख्यान जुने असते. निरूपण मात्र समोर बसलेल्या श्रोत्यांसाठी त्या दिवशी नव्याने करावे लागते.

या कसोटीवर तुकोबांवरील तीन चित्रपट पाहू. १९३६ साली विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी प्रभातसाठी ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या भूमिकेत इतके विरघळले, की पुढच्या पिढ्यांच्या मनात तुकोबांचा चेहरा म्हणजे पागनीसांचा चेहरा, असे समीकरण झाले. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले एक गीत तर असे तुकोबांच्या वळणाचे उतरले, की अनेक भाविकांनी ते मूळ अभंग म्हणूनच स्वीकारले. आणि गौरीबाईंची आवली! संसाराच्या ओढाताणीने वैतागलेली, विठोबावरही तोंड टाकणारी, पण नवऱ्यासाठी जीव तोडणारी ती स्त्री आजही शेजारच्या घरातली वाटते. गरुडावर बसून वैकुंठाला निघालेले तुकोबा त्या काळच्या प्रेक्षकाने हात जोडून पाहिले.

२०१२ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘तुकाराम’ केला. जितेंद्र जोशी तुकोबा झाले, राधिका आपटे आवली. या चित्रपटाने बालपणापासूनचा तुकाराम दाखवला. सुखवस्तू घरातला मुलगा, त्याच्यावर कोसळलेला दुष्काळ, घरातले मृत्यू, आणि त्यातून घडत गेलेला संत. १९३६च्या प्रेक्षकाला तुकोबा आधीपासून संत म्हणूनच परिचित होते. २०१२च्या प्रेक्षकाला ‘हा माणूस संत कसा झाला?’ हे जाणून घ्यायचे होते. दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. त्यानंतर २०२५ साली दिग्पाल लांजेकर यांचा ‘अभंग तुकाराम’ आला आणि योगेश सोमण यांनी ही भूमिका केली. ८९ वर्षांत तीन घोडे बदलले. तुकोबांची वाट संपली नाही. जुन्या चित्रपटातील भक्तीचा निरागसपणा नव्यांत नाही, ही ज्येष्ठांची तक्रार खरी आहे. पण तो निरागसपणा आधी प्रेक्षागृहातून ओसरला आणि मग पडद्यावरून, हेही तितकेच खरे. त्याचे सर्व खापर दिग्दर्शकाच्या माथी फोडणे न्यायाचे नाही.

‘श्यामची आई’ची गोष्ट याहून बोलकी आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट काढला. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाले, आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या मराठी चित्रपटाने मिळवले. सत्तर वर्षांनी, २०२३ साली, सुजय डहाके यांनी तीच कथा पुन्हा पडद्यावर आणली. रंगांची सर्व साधने हाताशी असताना त्यांनी ती कृष्णधवल ठेवली. ओम भूतकर यांनी साकारलेले साने गुरुजी, म्हणजे मोठा झालेला श्याम, तेथे स्वातंत्र्यलढ्याच्या पार्श्वभूमीवर उभा राहतो. आईने लावलेले वळण पुढे देशकार्यात कसे उतरले, हा त्यातला नवा धागा. एकाहत्तराव्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. वनमालाबाईंच्या जागी दुसरी आई कल्पिताच येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी एवढेच आठवावे, की आजच्या दहा वर्षांच्या मुलाला कोणती तरी आई भेटणे महत्त्वाचे आहे. त्याला ती भेटलीच नाही, तर आपल्या आठवणींतील आई त्याच्या काय कामाची?

मात्र सगळेच नवे प्रयत्न पाठीवर थाप देण्याजोगे नसतात. सिंहगडाचा पराक्रम बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली मूकपटात आणला, व्ही. शांताराम यांनी १९३३ साली बोलपटात. पुढे २०२० साली हिंदीत ‘तान्हाजी’ आणि २०२३ साली मराठीत ‘सुभेदार’ आला. ‘तान्हाजी’ने देशभरातल्या मुलांना सुभेदारांचे नाव शिकवले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण त्यातली ती अजस्र तोफ पाहून मुलाने ‘हे खरेच घडले होते का?’ असे विचारले, तर त्याला गप्प करू नये. ४ फेब्रुवारी १६७०च्या त्या रात्री कडा चढून गेलेल्या मावळ्यांचे शौर्य इतके अस्सल आहे, की त्याला संगणकाने फुगवण्याची गरज नाही. आपल्या अभिमानाच्या विषयावर चित्रपट आला, की चिकित्सा गुंडाळून ठेवायची, ही सवय अभिमानालाच पोकळ करते. हिंदीत याचे दुसरे टोक दिसले. २००७ साली ‘शोले’ पुन्हा करण्याच्या नादात ‘आग’ आला. त्यात घोडाही बदलला आणि मुक्कामही हरवला.

त्याच ‘शोले’ने आणखी एक धडा दिला. मूळ कथेत ठाकूर गब्बरला ठार मारतो. १९७५ साली, आणीबाणीच्या दिवसांत, परिनिरीक्षकांनी तो शेवट बदलायला लावला आणि पोलीस ऐन वेळी पोहोचले. पन्नास वर्षे तोच शेवट आपल्याला ठाऊक होता. २०२५ साली मूळ शेवटासह चित्रपटाची पुनरुज्जीवित प्रत इटलीतील बोलोन्या महोत्सवात दाखवली गेली. म्हणजे ‘मूळ’ म्हणून आपण ज्याची शपथ घेत होतो, तेच मुळी बदललेले होते! जुन्याविषयी बोलतानाही ते तपासून बोलावे, हा त्याचा बोध.

आणि हे जुने तपासायला शिल्लक तरी राहिले पाहिजे. १९३१च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच उरला आहे. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून जमेल तेवढे वाचवले. तरीही ८ जानेवारी २००३ रोजी, जेथे एके काळी प्रभात स्टुडिओ होता त्याच फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात चित्रफितींच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांच्या मौल्यवान नायट्रेट फिती जळाल्या. हा एखादे देवालय कोसळावे तसा आघात होता. किती घरांत त्या रात्री हळहळ व्यक्त झाली? ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्यांनी सोने तिजोरीत सुरक्षित आहे की नाही, हे कधी पाहिले नाही.

मग आपण काय करावे? नव्याला नाके मुरडणे सोपे आणि जुन्याला हसणे त्याहून सोपे. अवघड पण फलदायी काम एकच आहे. दोन्ही एकत्र बसून पाहणे. गणेशोत्सवात सोसायटीच्या सभागृहात एक संध्याकाळ १९३६च्या तुकोबांसाठी राखून ठेवावी, दुसरी २०१२च्या. मुलांना आधी उपदेश करू नये. फक्त विचारावे, की नव्याने काय गाळले, काय घातले आणि का? आजोबांनी नातवाच्या चित्रपटाला पूर्ण दोन तास द्यावेत, आणि नातवाने आजोबांच्या चित्रपटाला तेवढेच, हातातला मोबाइल बाजूला ठेवून. मतभेद मिटणार नाहीत, मिटूही नयेत. पण ते ऐकीव मतांतले न राहता पाहणाऱ्यांचे मतभेद होतील. ज्या घरात असा वाद होतो, तेथे तुकोबा, श्याम आणि सुभेदार हे तसबिरीतून उतरून पुन्हा बोलू लागतात. परंपरा जतन होते ती अशीच, एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती लगाम विश्वासाने दिल्याने.