नव्या कप्तानाला दोन हंगाम तरी द्या

भिवापूरच्या मिरचीच्या वावरात नांगरटीला येणारा महिंद्राचा लाल ट्रॅक्टर सगळ्यांच्या ओळखीचा. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत या कंपनीचा ट्रॅक्टर कारखानाच आहे. पण याच कंपनीचा संघ २०१४ पासून, म्हणजे अगदी पहिल्या शर्यतीपासून, फॉर्म्युला ई या विजेवरच्या मोटारींच्या जागतिक स्पर्धेत धावतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते.

सुरुवातीपासून संघ सांभाळणारे दिलबाग गिल २०२२ मध्ये पायउतार झाले आणि त्यांच्या जागी फ्रेडरिक बर्ट्रांड आले. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोत संघाचा चालक लुकास दि ग्रासी तिसरा आला, तेव्हा सारे जमले असे वाटले. पुढच्याच महिन्यात केपटाऊनला मागच्या सस्पेन्शनबद्दल सुरक्षिततेची शंका आली आणि संघाने शर्यतीतूनच माघार घेतली. निर्णय योग्यच होता. चालकाच्या जिवापुढे गुणांची काय किंमत?

हंगाम तळाजवळ संपला. दोष मात्र बर्ट्रांड यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरले असते. या स्पर्धेत गाडीची मुख्य यंत्रणा एकदा मंजूर झाली की दोन हंगाम बदलता येत नाही. नवा प्रमुख दुसऱ्याने पेरलेले पीकच कापतो.

कंपनीने धीर धरला. २०२४-२५ मध्ये संघ चौथा आला.

याउलट फॉर्म्युला वनमध्ये रेड बुल संघाने जुलै २०२५ मध्ये, ऐन हंगामात, वीस वर्षे संघप्रमुख असलेल्या ख्रिश्चन हॉर्नर यांना हटवले. महिंद्राने तो कित्ता गिरवू नये. २०२६-२७ पासून गाडीची चौथी पिढी येते आहे; पहिल्या शर्यती वाईट गेल्या तरी कंपनीच्या मुंबईतल्या संचालकांनी संघप्रमुखाच्या खुर्चीला हात लावू नये.