आमच्या दुकानाची हमी आपण घेता की नाही?

ऑनलाइन व्यवसाय-सूची चालवणाऱ्या कंपनीच्या संचालकांस,


करी रोड स्टेशनातून लालबागच्या बाजूला उतरले की थोड्या अंतरावर आमचे मसाल्याचे दुकान आणि कांडप आहे. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, वडिलांची नोकरी परत आली नाही आणि आईने केलेला मालवणी मसाला पुड्या बांधून विकायला त्यांनी सुरुवात केली. आज ते दुकान मी चालवतो. आपल्या कंपनीचे नाव या पत्रात घेत नाही, कारण मला पडलेले प्रश्न सूची चालवणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे आहेत. पत्र कोणाला उद्देशून आहे, हे आपल्याला कळेलच.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आपला प्रतिनिधी दुकानात आला. आमचा हंगाम मार्च ते मे. बायका बेडगी-संकेश्वरी मिरच्या उन्हात वाळवून, देठ खुडून आणतात आणि कांडपासमोर नंबर लावतात. त्याआधी जाहिरात व्हावी म्हणून मी त्याचे ऐकून घेतले. त्याने शुद्ध मराठीत दोन गोष्टी सांगितल्या. आपण दुकानाची पडताळणी करून तसा शिक्का द्याल, ही पहिली. आपल्या मोठ्या साइटवरून आमच्या छोट्या वेबसाइटला लिंक मिळाली की तिचे वजन वाढेल आणि गुगलवर आम्ही वर येऊ, ही दुसरी. बारा हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे १४,१६० रुपये मी भरले. कराराचा कागद इंग्रजीत होता. त्यात, गुगलवरच्या क्रमांकाची कोणतीही हमी कंपनी देत नाही, असे बारीक अक्षरांत छापले होते. मराठीत दिलेला शब्द इंग्रजीत परत घेण्याची ही पद्धत आपल्याला माहीत नाही, असे मी कसे मानू?

दिवाळीनंतर माझ्या मुलीने आपल्या साइटवरचे आमचे पान उघडले आणि त्यामागचा कोड पडद्यावर आणला. दुकानाचे नाव शोधले. नावाशेजारी हिरव्या शिक्क्याचा कोड होता: ‘व्हेरिफाइड’. त्याखाली तीन ओळी सोडून आमच्या वेबसाइटची लिंक होती आणि तिला एक शब्द चिकटवलेला होता: ‘नोफॉलो’. मुलीने त्याचा अर्थ सांगितला तेव्हा मी तिला तो पुन्हा वाचायला लावला. ग्राहकाला दिसते त्या जागी आपण म्हणता, हे दुकान आम्ही तपासले आहे. शोधयंत्र वाचते त्या जागी आपण सांगता, या लिंकची हमी आमच्याकडे धरू नका. एकाच दुकानाबद्दलच्या या दोन बोलण्यांपैकी आपले खरे बोलणे कोणते?

मी मसालेवाला असलो तरी पैसे गेल्यावर माणूस शिकतो. एखाद्या पानाकडे कोणकोणत्या पानांवरून लिंक येतात यावर त्याचे वजन ठरवायचे, ही कल्पना लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडली आणि गुगल तिच्यावर उभे राहिले. म्हणजे लिंक ही एक शिफारस झाली. मग लोक दुसऱ्यांच्या पानांवर घुसून फुकटच्या शिफारशी टाकू लागले. त्याला आळा घालण्यासाठी जानेवारी २००५ मध्ये गुगल, याहू आणि एमएसएन यांनी ‘नोफॉलो’ची खूण स्वीकारली. अनोळखी माणसाने येऊन टाकलेली लिंक पानाच्या मालकाने मनापासून दिलेली नाही, एवढेच सांगण्यासाठी ती होती. तिचा हेतू रास्त होता, आजही आहे. पण मी आपल्याकडे रात्री चोरून लिंक चिकटवायला आलो नव्हतो. माझा जीएसटी क्रमांक, अन्न परवाना, दुकानाचा फोटो, सगळे मागून घेऊन आपणच ती लिंक लावली आहे. तपासलेल्या दुकानाला अनोळखी माणसाची खूण का?

आपले म्हणणे मला ठाऊक आहे. सगळ्यांना सरळ लिंक दिली, तर बनावट दुकाने सूचीत घुसतील आणि गुगल आपल्यालाच शिक्षा करील. ही भीती खोटी नाही. फक्त लिंक वाटण्यासाठी उघडलेल्या निकृष्ट सूचींच्या लिंक गुगल स्वतःच्या नियमांत स्पॅममध्ये धरते. पण त्यावरचा उपाय तपासणी हा आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या डीमॉझ सूचीत स्वयंसेवक संपादक एकेक साइट पाहून, एक पैसा न घेता नोंद करत. २०१७ मध्ये बंद पडेपर्यंत तिची ओळख तीच होती. याहूची सूची व्यावसायिक साइटकडून वर्षाला २९९ डॉलर घेत असे, पण ते साइट तपासून पाहण्याचे पैसे होते. नोंद मिळेलच, असा शब्द त्यात नव्हता. तपासणारा माणूस होता म्हणून त्या नोंदीला किंमत होती. आपल्याकडे तपासणारा माणूस असेल, तर त्याने होकार दिलेल्या दुकानांवर आपला विश्वास का नाही? आणि नसेल, तर हिरवा शिक्का कशाचा?

दुसरे कारणही ऐकवले जाते. बाहेरच्या लिंकना ‘नोफॉलो’ लावले की साइटचे वजन घरातच राहते, म्हणे. गुगलने २००९ मध्येच स्पष्ट केले आहे की अशा लिंकच्या वाट्याचे वजन उरलेल्या लिंकना मिळत नाही, ते वाया जाते. म्हणजे आमच्या वाट्याचे आम्हाला मिळाले नाही आणि आपल्याही पदरात पडले नाही. ‘नोफॉलो’ असली तरी लिंक दाबून ग्राहक आमच्याकडे येऊ शकतो, हेही मला मान्य आहे. आपल्या प्रतिनिधीने तेवढेच सांगितले असते, तर तेवढ्याचाच भाव मी केला असता.

आता पैशांचा मुद्दा, कारण इथे मी स्वतःविरुद्धही बोलणार आहे. पैसे देऊन लिंकचे वजन विकत घेणे गुगलच्या नियमांत बसत नाही. सप्टेंबर २०१९ पासून अशा लिंकसाठी ‘स्पॉन्सर्ड’ ही वेगळी खूण आहे. ‘नोफॉलो’ही चालते. म्हणजे मी पैसे दिले म्हणून लिंकवर खूण लागली असेल, तर खूण बरोबर आहे. पण मग आपल्या माणसाने दुकानात उभे राहून मला जे विकले, ते विकण्याचा आपल्याला अधिकारच नव्हता. आणि खूण बरोबर असेल, तर ती फक्त यंत्रासाठी का? ज्या बाईला आमचा पत्ता आपल्या साइटवर सगळ्यात वर दिसतो, तिला ही जागा पैसे भरून मिळाली आहे, हे का सांगितले जात नाही? यंत्राशी प्रामाणिक आणि माणसाशी गप्प, हा कुठला न्याय?

याच मुंबईत छापील व्यवसाय-सूचीच्या पिवळ्या पानांवरून मोठा खटला झाला होता. टाटा प्रेसच्या ‘यलो पेजेस’ना महानगर टेलिफोन निगमने हरकत घेतली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा प्रेसच्या बाजूने निकाल दिला. व्यावसायिक जाहिरात हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे आणि ती माहिती मिळवण्याचा हक्क लोकांनाही आहे, असे न्यायालयाने म्हटले. फसव्या जाहिरातीला मात्र ते संरक्षण नाही, हेही सांगितले. आपला आजचा धंदा त्या हक्काच्या सावलीत उभा आहे. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी तेरा फसव्या ऑनलाइन पद्धतींची यादी जाहीर केली. साध्या मजकुराच्या वेशातली जाहिरात त्या यादीत आहे. आपल्या कायदा विभागाने ती वाचली असेलच.

शोधयंत्रासाठी लिहिलेल्या एका शब्दावरून एवढे का, असे आपल्याला वाटेल. २०१८ मध्ये डिलाईल रोडचा पूल बंद झाला आणि पूर्ण खुला व्हायला २०२३ उजाडले. त्या पाच वर्षांत लोअर परळकडून चालत येणारे गिऱ्हाईक तुटले. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, तिथली नवी माणसे मोबाइलवर पाहून मसाला मागवतात. आमच्यासारख्यांना शोधयंत्र हाच रस्ता उरला आणि त्या रस्त्यावर आपण पाटी लावून बसला आहात. म्हणून आपल्या पाटीवर खरे काय ते लिहिलेले असणे आम्हाला पोटापाण्याइतके महत्त्वाचे आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. ज्या दुकानाची आपण खरोखर तपासणी केली, आणि ज्याची नोंद पैसे न घेता केली, त्याला सरळ लिंक द्या. ज्याच्याकडून पैसे घेतले, त्याच्या लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ची खूण लावा आणि ग्राहकाला दिसेल अशा ठिकाणी ‘जाहिरात’ हा शब्द मराठीत लिहा. जे तपासलेच नाही, त्याला ‘नोफॉलो’ लावा. पण मग शिक्काही काढा. लिंकवर कोणती खूण लागणार, हे करारात मराठीत सांगा. आणि ज्यांना लिंकच्या वजनाचे आश्वासन देऊन पैसे घेतले, त्यांचे पैसे परत करा. यातले काय आपल्याला अशक्य आहे, ते पंधरा दिवसांत लेखी कळवावे.

आमच्या कांडपात येणारी बाई आपला डबा घेऊन येते. झाकणावर तिचे नाव लिहिलेले असते. तिची मिरची यंत्रात पडल्यापासून शेवटचा चमचा डब्यात येईपर्यंत ती तिथून हलत नाही, कारण दुसरीचा मसाला आपल्या डब्यात आलेला तिला चालत नाही. मला तिचा कधी राग आलेला नाही. ती तिचे तेच मागते. आपल्या हिरव्या शिक्क्यासमोर आज मी तसाच उभा आहे. झाकणावर ‘तपासलेले’ असे लिहिले आहे. आत काय आहे, ते उघडून दाखवा.

आपला,
करी रोडचा एक मसाला व्यावसायिक