हवा सोडायची तर पंप जवळ हवा

अंजनवेलच्या ओल्या खाचरात ट्रॅक्टरचं चाक घसरलं की थोडी हवा सोडतात. त्यात चूक नाही. टायर पसरतो, पकड मिळते, माती कमी दबते. पण ‘पुढे भरू’ म्हणत तसंच गुहागरच्या रस्त्याला लागणं घातक. कमी हवेचा टायर डांबरावर तापतो, वळणावर रिमवरून निसटू शकतो. शर्यतीच्या गाड्यांना टायरची कड रिमला बोल्टने आवळणारं ‘बीडलॉक’ असतं, आपल्याकडे ते नसतं.
आमचं स्पष्ट मत:
👉 पुस्तिकेतल्या आकड्याखाली हवा नेऊ नका.
👉 डांबरावर येण्याआधी मोजून भरा.
👉 आंब्याच्या पेट्या भरलेल्या पिकअपची हवा सोडू नका. रुतली तर आधी माल उतरवा.
पंप आणि मीटर जवळ नसेल, तर हवेला हातच लावू नका. फळी टाका, शेजाऱ्याला हाक मारा.