आधी जागा, मग मैत्री

“परदेशात एकटी आहेस ना? मग स्वतःहून बोलायला शीक.” हा सल्ला माझ्या डोक्यात जातो. जणू खोट माझ्या स्वभावातच!

मी मोहोपाड्याची. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्समुळे रसायनीत गावोगावची माणसं आली. ती काय सगळी बडबडी होती? पण पाळी एक, बाजार एक, गणपती एक. रोज तीच तोंडं दिसली की ओळख होतेच. मेलबर्नच्या माझ्या उपनगरात गाडी गॅरेजमध्ये शिरते, शटर पडतं, दिवस संपतो. कुणाशी बोलू, शटरशी?

लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. इथे मला धीट व्हायला सांगू नका. दर शनिवारी तीच माणसं भेटतील असा एक कट्टा सांगा. नसेल, तर चला, काढू.